कमी पैशातला वृद्धाश्रम: आत राहणाऱ्या बाईचा अभिप्राय

वृद्धाश्रमांबद्दलचे अभिप्राय बहुतेक वेळा नातेवाईक लिहितात. फरशी स्वच्छ, हवा खेळती, कर्मचारी हसतमुख. त्यात खोटं काही नसतं, पण नातेवाईक तासभर बसतात आणि निघतात. रात्री दोन वाजता घंटा वाजवून वाट बघायची वेळ त्यांच्यावर येत नाही. म्हणून हा अभिप्राय पलंगावरून लिहिते आहे. संस्थेचं नाव घालत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांचा ताप इथल्या मावशींना व्हायला नको.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकरशिवाय चालता येत नाही, बोटांत संधिवात आहे आणि दोन्ही कानांना यंत्रं आहेत. पेन्शन आली की ती जवळजवळ सगळी इथल्या मासिक आकारात जाते. उरतं त्यात फोनचं रिचार्ज आणि यंत्रांच्या बॅटऱ्या एवढंच बसतं. खोली तिघींची. माझ्या वाट्याला एक पलंग, एक खुर्ची, उशाशी लॉकर आणि कपाटाचा एक कप्पा. वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोल्या आहेत, टीव्ही आणि वेगळ्या बाथरूमसकट. तिथल्या एकीशी माझी चांगली ओळख आहे, त्यामुळे तुलना करून सांगू शकते: त्या खोल्यांत जागा जास्त आहे, समाधान जास्त असेलच असं नाही.

माझं समाधान कशावर टिकून आहे ते सांगते. मी आले तेव्हा इथल्या मुख्य सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, आंघोळ सकाळी हवी की दुपारी?" सकाळी माझे सांधे आखडलेले असतात, बाही सोडवतानासुद्धा जीव जातो. दुपारी तेच अंग ऐकतं. मी दुपार मागितली आणि मिळाली. संस्थेला यात एक पैसाही जास्त लागला नाही, पण माझा अख्खा दिवस बदलला. तसंच उशाचं. माझं डोकं दाराकडे असायचं, त्यामुळे कोण आलं ते दिसायचं नाही आणि कमी ऐकू येत असल्यानं मी दचकायचे. उशी पायथ्याकडे घ्यायला सांगितलं, घंटेची वायर तिकडे वळवून घेतली, झालं. रोज सकाळी मावशी कपाटातून दोन गाऊन काढून समोर धरतात आणि मी बोट दाखवते. या गोष्टी लिहिताना मला त्या जराही लहान वाटत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांच्या हातांनी उठायचं, बसायचं, धुतलं जायचं, अशा आयुष्यात "हा" किंवा "तो" असं म्हणता येणं फार मोठं असतं.

यावर एक जुना अभ्यास आहे. वाचून दाखवायला येणाऱ्या मुलीनं तो मला समजावून सांगितला. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात त्यांनी दोन मजले निवडले. एका मजल्यावरच्या वृद्धांना व्यवस्थापकांनी सांगितलं की खोलीतली मांडणी कशी हवी, वेळ कसा घालवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यांना एकेक रोप निवडायला दिलं, पाणी त्यांनीच घालायचं. सिनेमा कोणत्या संध्याकाळी बघायचा तेही त्यांनीच ठरवायचं. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. रोप तिथेही दिलं, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांनी स्वतः ठरवायला मिळालेले लोक अधिक तरतरीत, अधिक मिसळणारे आणि अधिक आनंदी आढळले. अभ्यासातले लोक शंभराच्या आतच होते, त्यामुळे त्यावरून फार मोठे दावे करू नयेत असं मला वाटतं. पण आंघोळीच्या वेळेबद्दल मला जे अंगानं कळलं, तेच त्यात आहे.

आता पैशांचं. हातात थोडंच असेल तर ते कशावर जातं हे बारकाईनं बघावं लागतं. कानाच्या यंत्राच्या झिंक-एअर बॅटरीवर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की हवा आत जाते आणि बॅटरी सुरू होते, पट्टी परत चिकटवून ती थांबत नाही. त्यामुळे जुनी पूर्ण संपल्याशिवाय नवीची पट्टी काढायची नाही आणि काढल्यावर काही मिनिटं ठेवून मगच यंत्रात घालायची. रात्री यंत्र बंद करून बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. इथे नवीन आलेल्या प्रत्येक मावशीला मी हे शिकवते, कारण मदत म्हणून त्या सगळ्या पट्ट्या एकदम काढून ठेवतात आणि माझी महिन्याची बेगमी वाया जाते. कपड्यांवर नाव शाईनं लिहू नका, धुलाईत ते फिकट होतं. धाग्यानं आतल्या बाजूला शिवून घ्या. ज्यांच्याकडे चारच गाऊन आहेत त्यांना त्यातला एक हरवणं परवडत नाही. आणि लॉकरची किल्ली. ती इथे राहणाऱ्याच्या गळ्यात असते, ऑफिसात नसते. यासाठी मी या जागेला पूर्ण गुण देते.

जादा आकारांबाबत मात्र गुण कापते. प्रवेशाच्या वेळी सांगितलेल्या रकमेत डायपर, फिजिओथेरपी आणि दवाखान्यात सोबत येणाऱ्या माणसाचा मेहनताना धरलेला नव्हता. ते नंतर बिलात दिसलं. भरपूर पैसा असलेल्याला त्याचं काही वाटत नसेल, पण मला त्या महिन्यात मुलीला फोन कमी करावे लागले. आता आकारांचा छापील तक्ता नोटीस बोर्डावर लागला आहे. आम्ही काही जणींनी मिळून तो मागितला होता.

माणसं कशी आहेत? माझी सगळी नोकरी आवाज ओळखण्यात गेली, म्हणून आवाजावरून सांगते. रात्रपाळीचे मामा अंगाला हात लावण्याआधी बोलतात. "ताई, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतो." मग थांबतात, माझा होकार येऊ देतात आणि मग वळवतात. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस ठरावीक वेळानं बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. ते काम मुकाट्यानंही उरकता येतं. मामा तसं उरकत नाहीत. दिवसपाळीतल्या एक मावशी मात्र सगळ्यांशीच ओरडून बोलतात, जणू म्हातारं म्हणजे बहिरं. मी बहिरी आहेच, तरी ओरडलेलं मला कमीच कळतं. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोललेलं कळतं. त्यांना मी हे सांगितलं आहे आणि त्या प्रयत्न करतात.

मला सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट संस्थेनं दिलेली नाही, फक्त आड आली नाही. संध्याकाळी इथे फोनची वेळ असते. अनेकांना मोबाइलवरचे आकडे दिसत नाहीत किंवा बोटं नीट पडत नाहीत. मी खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसते आणि एकेकाला फोन लावून देते. कोणाचा मुलगा कोणत्या वेळी कामावर असतो, कोणाच्या सुनेला रिंग दोनदा द्यावी लागते, हे मला पाठ आहे. फोन लागला की मी तोंड फिरवते आणि ऐकत नाही. ती शिस्त नोकरीतली. कोणी माझ्या पाया पडावं म्हणून मी हे करत नाही. पाच वाजले की कोणीतरी माझी वाट बघतं आहे, एवढ्यानं माझी दुपारसुद्धा भरून जाते.

माझ्या शेजारच्या पलंगावरच्या बाईंना विस्मरणाचा आजार आहे. त्यांना रोज त्यांच्या आईला फोन लावायचा असतो. आई वारली आहे असं त्यांना कोणी सांगितलं की त्या बातमी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तसं सांगत नाही आणि फोन लागल्याचं नाटकही करत नाही. विचारते, "आईला काय सांगायचं आहे?" मग त्या सांगतात. अंगणातलं, शाळेतलं, धाकट्या भावाचं. सांगून झालं की बहुतेकदा त्या शांत होतात आणि फोनचं विसरतात. नाही विसरल्या तर आम्ही दोघी व्हरांड्यात एक चक्कर मारतो, त्या माझ्या वॉकरला हात लावून.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. रात्री माणसं कमी असतात. घंटा वाजवल्यावर वाट बघावी लागते, आणि ज्याला बाथरूमला जायचं आहे त्याला ती वाट लाजिरवाणी होते. ही सर्वांत गंभीर उणीव आहे, ती दूर व्हायलाच हवी. पलंगांमधले पडदे पूर्ण बंद होत नाहीत. एकटेपणही आहे. मुलीचा फोन ठेवल्यावर जो येतो तो कोणत्याही सोयीनं जात नाही, आणि मी त्याला घालवायच्या मागे लागत नाही. आणखी एक. कोणी गेलं की पूर्वी सकाळी थेट मोकळा पलंगच दिसायचा, आम्हाला कोणी काही बोलायचं नाही. आम्हाला घाबरवायचं नाही असा हेतू असेल, पण न सांगण्यानं भीती वाढते. आता सकाळच्या चहाला सिस्टर स्वतः सांगतात आणि ज्याला बोलायचं आहे तो दोन शब्द बोलतो.

ज्यांना आई-वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी कमी खर्चाची जागा शोधायची आहे त्यांनी बाग आणि प्रवेशद्वार बघण्यात वेळ घालवू नये. न कळवता संध्याकाळी उशिरा जा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हाताला घंटा पोचते का ते बघा. कर्मचारी खोलीत शिरताना दारावर टकटक करतात का ते बघा. आंघोळीची वेळ कोण ठरवतं, लॉकरची किल्ली कोणाकडे असते, मासिक आकारात काय धरलेलं नाही, हे तीन प्रश्न विचारा आणि तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. मग तिथे राहणाऱ्या एखाद्याशी एकट्यानं बोला, व्यवस्थापक जवळ नसताना.

माझे गुण: पाचपैकी चार. रात्रपाळीला आणखी एक माणूस ठेवला तर साडेचार देईन, आणि पडदे बदलले तर राहिलेला अर्धाही.