इसबगोलाच्या नावाखाली १,४३,९१५ रुपये

भेसळीच्या मालापायी माझे किती गेले तो आकडा आधीच लिहून टाकला, कारण नातेवाइकांपासून पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. आणि तो ऐकल्यावर दुसरा, "एवढे पैसे न बघता कसे पाठवले?" बघूनच पाठवले होते. मला काय दाखवलं गेलं ते वाचा, मग बोला.

मी नागपुरात प्रतापनगरला घरूनच ग्लूटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन नसलेली, पिठं करून विकते. ज्वारी, तांदूळ, थोडं साबुदाण्याचं पीठ आणि इसबगोलाची भुसी. ज्वारीची भाकरी थापता येते, पण लेकरांना डब्यात पोळी पाहिजे असते आणि ग्लूटेन नसलं की लाटताना कडा चिरतात. भुसी पाणी धरून चिकट होते, पीठ बांधून ठेवते. अर्ध्या किलोच्या पाकिटात ती जेमतेम पंचवीस ग्रॅम पडते, पण ती बिघडली की पाकीटच गेलं.

इतवारी बाजारात ९८ टक्के शुद्ध भुसी ७८० रुपये किलोने मिळत होती. मी नाही म्हटलं, कारण तिथे ज्या काट्यावर भुसी तोलतात त्याच काट्यावर रवा, मैदा, दलिया तोलतात. सीलिॲक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, असलेल्या मुलाला तेवढंही बाधतं. त्यावर औषध नाही, जन्मभराचं पथ्य हाच उपचार. आपल्या कायद्यातही 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. स्वस्ताईला भुलली असं जे मागून बोलतात, त्यांना सांगते की मी स्वच्छ मालासाठी बाहेर गेले होते. आपल्याकडचा इसबगोल मुख्यतः गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातला. गुजरातेत उंझ्याला बाजार, सिद्धपूरला प्रक्रियेचे कारखाने. थेट तिथून घेतलं तर मधल्या लोकांचं कमिशन वाचणारच. त्यामुळे स्वतःला सिद्धपूरचा म्हणवणाऱ्या एका पुरवठादाराने ऑनलाइन ५९० हा भाव सांगितला तेव्हा मला धक्का बसला नाही.

त्याने आधी एक किलो नमुना पाठवला, अख्ख्या भुसीचा. फिक्कट, हलकी, सुरेख. मी काचेचं मोजपात्र आणून एक ग्रॅम भुसी पाण्यात टाकली आणि दिवसभर ठेवली. फुगून ५२ मिलिलिटर झाली. चांगली भुसी ४० च्या वर जाते, म्हणजे माल अव्वल. इथपर्यंत कुणी माझ्या जागी असतं तर काय वेगळं केलं असतं? मग फोन आला, "दीदी, आपको तो पीसना ही है ना? पावडर करके भेज देता हूँ, पिसाई फ्री."

मला खटकायला हवं होतं ते इथे! दळणाला वीज लागते, मजुरी लागते, मालात घट येते. अख्ख्या भुसीपेक्षा पावडर महाग हवी, हा त्याच भावात देतोय. शिवाय अख्खी भुसी डोळ्यांना दिसते, पावडरीत काय मिसळलंय ते ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. त्याच संध्याकाळी त्याने ग्लूटेन तपासणीचा रिपोर्ट पाठवला. वर सरकारमान्य प्रयोगशाळेचं चिन्ह, खाली शिक्का, सही. निकालाच्या रकान्यात नुसतं 'निगेटिव्ह'. आकडा नाही, पद्धत नाही. खऱ्या रिपोर्टात एलायझा, आर५ असं तपासणीच्या पद्धतीचं नाव लिहिलेलं असतं, किती पीपीएमपर्यंत (किलोमागे मिलिग्रॅम) मोजता येतं तेही असतं, आणि मान्यताप्राप्त लॅबचा यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक, असतो. रिपोर्टची तारीख ऑगस्टची. मला आलेल्या पोत्यांवर उत्पादन ऑक्टोबरचं. जो माल अजून तयारच झाला नव्हता त्याची तपासणी आधीच उरकली होती, बाप्पा! पण पोती हातात येईपर्यंत ही तारीख कुणाशी ताडून बघायची? मोबाईलवर ती पीडीएफ उघडून सगळेच 'निगेटिव्ह' तेवढं वाचतात. तुम्हीही तेच केलं असतं.

१५० किलोचे ८८,५००, त्यावर जीएसटी ४,४२५, एकूण ९२,९२५. ५५,७५५ आगाऊ, उरलेले ३७,१७० बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर. माल वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात पडलेला, भाडं ३,२०० मी भरलं. पैसे गेल्यावर पोती उघडायची, असा हा खेळ. पूर्ण रक्कम माल तपासल्याशिवाय देऊ नका, समोरचा किती का 'दीदी दीदी' करेना.

त्या पावडरीची पाकिटं विकली गेल्यावर पहिला फोन एका आईचा आला. लेकाचं पोट पुन्हा फुगलंय, जुलाब सुरू झालेत. "ताई, तुमच्या पिठाशिवाय त्याने नवीन काहीच खाल्लं नाही." त्या माउलीच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी विक्री थांबवली, सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप दिले, पाकिटं परत घेतली. ४१,३०० रुपये परत केले. मग पोत्यातली पावडर मोजपात्रात टाकली तर १९ मिलिलिटर, तळाशी पांढरा गाळ. त्या गाळावर टिंचर आयोडीनचा थेंब टाकला तर काळानिळा. स्टार्च असल्याशिवाय असा रंग येत नाही, म्हणजे पीठ घातलंय. लॅबची फी ६,४९०. ग्लूटेन ३४० पीपीएम निघालं. मर्यादा वीस.

पीठ घातलं नसेल तरी इसबगोलात गहू येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा. दोन्ही रब्बीची पिकं, शेजारशेजारची शेतं, मळणीचं यंत्र तेच. प्रामाणिक माणसाच्या मालातही येतो. प्रत्येक लॉट तपासा, आणि नमुना स्वतः पोत्यातून काढा, त्याने पाठवलेली पुडी लॅबला देऊ नका.

आता आपल्या व्यवस्थेचं ऐका. ठाण्यात म्हणे, "ताई, माल आला ना? मग हे दिवाणी प्रकरण." काहून दिवाणी? विटा भरून पोतं पाठवलं असतं तरी 'माल आला' असंच म्हणाले असते का? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? सायबरवाल्यांनी ठाण्याकडे बोट दाखवलं, ठाण्याने सायबरकडे. व्यवहार ऑनलाइन ठरला, पैसे ऑनलाइन गेले, खोटा रिपोर्ट ऑनलाइन आला, तरी हा सायबर गुन्हा नाही, कारण ट्रकने पोती आली! ग्राहक आयोगात जावं म्हटलं तर वकील म्हणाले, विकण्यासाठी घेतलेल्या मालाला तुम्ही 'ग्राहक' धरल्या जाल की नाही यावरच आधी वाद होईल, स्वतःच्या पोटापाण्यापुरता धंदा आहे हे सिद्ध करा. भेसळीची तक्रार जिथे द्यायची तिथल्या साहेबांनी तर कमालच केली. शांतपणे म्हणाले, "मॅडम, पाकिटावर नाव तुमचं, लायसन्स तुमचं. नमुना घ्यायचा तर आधी तुमचाच घ्यावा लागेल." म्हणजे चोर सिद्धपुरात की आणखी कुठे मोकळा, आणि ज्याने स्वतःहून माल परत घेतला त्याच्या दारात इन्स्पेक्टर. अर्जाची पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. शिक्का मारणारा जेवायला गेला होता.

त्यातून एक शिकून घ्या. पुरवठादाराकडून फॉर्म ई म्हणजे शुद्धतेची लेखी हमी घेतल्याशिवाय खाद्यपदार्थाचा कच्चा माल उतरवून घेऊ नका. उद्या तुमच्यावरच शेकलं तर दाखवायला तोच कागद असतो. मी मागितला होता, तो म्हणाला "बिल के साथ आएगा". आला नाही.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. गुजरातचा २४, आपला २७. याच्या बिलावर पत्ता सिद्धपूरचा आणि क्रमांक ०८ ने सुरू, म्हणजे राजस्थान. विचारलं तर "हेड ऑफिस जयपूर." असेलही एखाद्याचं, पण पोर्टलवर क्रमांक टाकून नाव जुळतंय का बघायला मिनिटही लागत नाही. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही तसाच तपासता येतो. आणि फसल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मला कळेपर्यंत पोती अर्धी रिकामी झाली होती.

परवा त्याच पोत्यांचे फोटो दुसऱ्या फर्मच्या नावाने दिसले. भाव ५६०, पिसाई फुकट. नागपुरात किंवा आसपास कुणी त्याच्याकडून घेतलं असेल तर पोती आणि बिल्टी फेकू नका, उरलेला माल सील करून ठेवा. एकट्या बाईचा अर्ज टेबलाखाली जातो, चार जणांचा तेवढ्या सहज जात नाही.