आलेखाचा उभा अक्ष: शून्यापासून की मधूनच?

ग्रामसभेसाठी फ्लेक्स करताना हा प्रश्न येतोच. रत्नागिरी जिल्ह्याचे जनगणनेतले आकडे घेऊन बघू. साक्षरता २००१ मध्ये ७५.०५ टक्के होती, २०११ मध्ये ८२.१८.

अक्ष शून्यापासून धरला तर दुसरा खांब पहिल्यापेक्षा जेमतेम दहा टक्के उंच भरतो. ७० पासून धरला तर जवळजवळ अडीचपट. ७५ पासून धरला तर पहिला खांब गायबच! आकडे तिन्हीकडे खरे आहेत. पण खांब दिसला की डोळा उंचीच मोजतो, खाली बारीक छापलेले ७० कोण वाचतो? त्यामुळे खांबांना शून्यच हवे, यात मी तडजोड करणार नाही. एक्सेलवर विसंबू नका. आकडे जवळजवळचे असले की ते अक्ष परस्पर वरून सुरू करते.

‘मग दहा वर्षांची मेहनत दिसणार कशी?’ हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी अक्ष कापण्यापेक्षा उरलेले काम दाखवा. निरक्षरांचे प्रमाण २४.९५ वरून १७.८२ वर आले. इथे शून्यापासून काढलेला खांबही चौथ्या हिश्शाहून जास्त खाली येतो. नळजोडणी, लसीकरण अशा शंभराकडे सरकणाऱ्या सगळ्याच आकड्यांना ही मांडणी शोभते.

कापलेला अक्ष उलटाही फिरतो. याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली, म्हणजे घट पाच टक्क्यांच्या आत. अक्ष १६ लाखांपासून धरा, दुसरा खांब पहिल्याच्या सहाव्या हिश्शाएवढाही उरत नाही. गणपतीला आलेला चाकरमानी म्हणेल, गावाकडे उरलंय तरी कोण!

रेषेचे गणित निराळे. तिथे नजर चढ-उतारावर असते. किनाऱ्यावरचे तापमान शून्यापासून मांडले तर जानेवारी आणि मे सारखेच वाटतील, तेव्हा अक्ष खुशाल कापा, फक्त सुरुवातीचा आकडा ठळक छापा. चौकटीची रुंदीही बघा: तीच रेषा अरुंद चौकटीत घाटासारखी चढते, रुंद चौकटीत सड्यासारखी पसरते.

लॉग अक्षावर १०, १०० आणि १००० समान अंतरावर येतात. किती पटीने वाढ झाली हे दाखवायला तो उत्तम, पण ग्रामसभेत नको. आणि डावीकडे एक मोजमाप, उजवीकडे दुसरे, असा दुहेरी अक्ष तर टाळाच. दोन रेषा कुठे छेदतील हे काढणारा ठरवतो. त्यापेक्षा एकाखाली एक दोन आलेख छापा.