हर्मिट क्रॅब पाळताय? मग पैसे वाळूवर घाला

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उन्हाळा लागला की बोर्डवॉकच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी फिरायच्या वाटेवरच्या, दुकानांत रंगवलेल्या शंखांतले हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे, विकायला येतात. सोबत तारेचा पिंजरा, मूठभर खडी, एक स्पंज आणि खाण्याच्या गोळ्या. लेकीच्या हट्टापायी दोन आणले, त्याला आता वर्ष होत आलं. एकाच्या शंखावर फुटबॉल रंगवलेला होता, म्हणून तो गोट्या. दुसरा मोठा, तो राजे. किटमधली एकही वस्तू आज वापरात नाही. गोट्या आणि राजे मात्र आहेत, आणि दोघांचंही एकेकदा कात टाकून झालंय.

इथे विकले जातात ते बहुतेक कॅरिबियन जातीचे, शास्त्रीय नाव सीनोबिटा क्लिपिएटस. डावी नांगी मोठी आणि जांभळी. जमिनीवर राहतात, पण श्वास कल्ल्यांनीच घेतात, त्यामुळे हवा दमट नसेल तर हळूहळू गुदमरतात. तारेच्या पिंजऱ्यात दमटपणा राहणार कसा? आणि कात टाकायची तर त्यांना वाळूत खोल बीळ करून महिना-दोन महिने, मोठ्यांना त्याहूनही जास्त, अंधारात पडून राहावं लागतं. खडीत बीळ होत नाही. दुकानदार हे सांगत नाही. सांगितलं तर विक्री कशी व्हायची!

आमची काचेची टाकी २९ गॅलनची, कोणीतरी मासे पाळणं सोडल्यावर विकायला काढलेली. वर काचेचं झाकण. आत हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी मुलांच्या खेळायची वाळू, ५० पौंडांच्या दोन पिशव्या, आणि त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, पाचास एक या प्रमाणात. ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात महत्त्वाची. थर किमान ६ इंच, किंवा सगळ्यात मोठ्या क्रॅबच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. वाळूत बोट खुपसून काढलं की भोक तसंच उभं राहिलं पाहिजे. ढासळलं तर कोरडी, तळाशी पाणी साचलं तर जास्त ओली. ओलं जास्त होणं कोरड्यापेक्षा वाईट, कारण कात टाकणारा खालच्या पोकळीत असतो आणि ती त्याच्या अंगावर बसते. म्हणून रोज फवारा मारायचा सल्ला मला पटलेला नाही. पाण्याच्या भांड्यांत एअर पंपाचे बुडबुडे सोडले आणि कोपऱ्यात ओलं शेवाळ ठेवलं की दमटपणा ८० टक्क्यांच्या आसपास आपोआप राहतो.

हीट मॅट मागच्या काचेवर, वाळूच्या पातळीच्या वर लावायची. तळाखाली नाही, कारण गरम वाटलं की क्रॅब खालीच जातो आणि तिथे भाजतो. हवा ७५ ते ८५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २४ ते २९ सेल्सिअस. जानेवारीत मॅटच्या बाहेरून फोमचा तुकडा चिकटवल्यावरच हे जमलं. काट्याचे गोल मीटर घेऊ नका, डिजिटल घ्या, आणि तोही तपासून घ्या: ओलसर केलेलं मीठ आणि मीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं, सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. आमचा पाच टक्के कमी दाखवतो. चालतंय, आकडा वाचताना मनात पाच मिळवते.

पाण्याची भांडी दोन, एक गोडं आणि एक खारं. दोन्ही बुडी मारता येईल इतकी खोल, आणि बाहेर यायला चढण असलेली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला थेंब मिळतात. खाऱ्यासाठी समुद्री मत्स्यालयाचं मीठ, स्वयंपाकातलं आयोडीनवालं नाही. खाण्याच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात टाकून दिल्या. समुद्रफेन, भाजून कुटलेली अंड्याची टरफलं, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, आणि इंडियन ग्रोसरीतला जवळा, धुऊन. जवळ्यावर दोघं असे तुटून पडतात की काय सांगू. त्या वासाने नवरा वैतागतो, पण तो मुळात देशावरचा.

आता कात. आधी गोट्या सुस्त झाला, रंग मळकट, डोळ्यांवर साय आल्यासारखी. पाण्यात तासन्‌तास बसायचा आणि सगळी टाकी उकरत फिरायचा. त्याला आणला तेव्हाच एक पाय तुटलेला होता, तिथे पारदर्शक जेलीचा छोटा कोंब दिसायला लागला. मग एका सकाळी गायब. यानंतरचं काम म्हणजे काहीही न करणं, आणि सगळ्यात कठीण तेच. मेला असेल का, जरा उकरून बघू का, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला, भारतातून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनीसुद्धा. उकरायचं नाही. नुकती कात टाकलेला क्रॅब सोललेल्या कोलंबीइतका मऊ असतो, हात लागला तर संपतो. कडक कुजक्या मासळीचा वास सुटला तरच शंका घ्यायची. मातीचा, किंचित खारट वास येतो तो चालायचाच.

टाकलेली कात तो स्वतःच खातो, नवं कवच कडक करायला लागणारं कॅल्शियम त्यातूनच मिळतं. त्यामुळे वाळूवर नुसतं रिकामं कवच दिसलं तर मेला समजून फेकू नका. काही वेळा कात वरच टाकली जाते. तेव्हा तळ कापलेली प्लास्टिकची बाटली त्याच्यावर वाळूत रोवून दुसऱ्यापासून आडोसा करायचा, वर काळं फडकं, आणि कात त्याच्याशेजारीच राहू द्यायची. आमच्यावर ही वेळ आली नाही.

गोट्या दीड-दोन महिन्यांनी वर आला. जांभळी नांगी झळाळत होती, नखं टोकदार, आणि तुटक्या जागी बारीक, फिकट पण पूर्ण पाय. फुटबॉलचा शंख त्याने नंतर सोडला. टर्बो नावाच्या समुद्री गोगलगायीचे साधे, न रंगवलेले शंख चार-पाच मापांचे ठेवले होते, त्यातला एक घेतला. रंगवलेल्यांचे पापुद्रे सुटतात आणि ते यांच्या पोटात जातात, म्हणून तो शंख लगेच कचऱ्यात.

घ्यावा का? दुकानातून नवा, नाही. यांची पिल्लं सुरुवातीला समुद्रात वाढतात, त्यामुळे घरी पैदास जवळपास होत नाही आणि विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक क्रॅब किनाऱ्यावरून उचललेला असतो. जपला तर तीस वर्षंही जगतो, म्हणून कंटाळून देऊन टाकणारेही भरपूर सापडतात, त्यांच्याकडून घ्या. कोकणात खडकांवर दिसणारे शंखातले खेकडे बहुतेक समुद्री जातींचे. त्यांना अशी वाळूची टाकी अजिबात चालणार नाही, तिथेच राहू द्या.

राजे मोठा होत चाललाय, त्याला आणखी खोल वाळू हवी, म्हणून ४० गॅलनची टाकी आणून गॅरेजमध्ये ठेवलीय. पण सामान हलवायचं तर दोघं एकाच वेळी वर हवेत. गोट्या वर आला त्याच आठवड्यात राजे खाली गेला, तो आला तेव्हा गोट्या पुन्हा उकरत होता. नवी टाकी अजून गॅरेजमध्येच आहे.