बारा हजारांचं नर्सिंग होम की वीस हजारांचं कंत्राट?

जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालं, परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आली आणि समोर दोन जागा आहेत. एक घराजवळच्या पंचवीस खाटांच्या खाजगी दवाखान्यात, पगार १२,००० रुपये. दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानात स्टाफ नर्सची, मानधन २०,००० आणि वर्षा-वर्षाचा नेमणूक आदेश. सरकारी कायम भरती निघाली तर अधिपरिचारिकेला (म्हणजे स्टाफ नर्सलाच) ३५,४०० पासून सुरू होणारं मूळ वेतन आहे, त्यामुळे तिथं तुलनेला जागाच उरत नाही. प्रश्न तोवरची वर्षं कुठं काढायची याचा आहे. मी कंत्राट निवडलं. तुमची अडचण वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी पैसे, कारण बोलणं तिथूनच सुरू होतं. दवाखाना पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) भरत असेल आणि सगळा पगार मूळ वेतनातच धरला असेल, तर १२,००० मधून १,४४० पीएफ आणि ९० ईएसआय कापले जातात. व्यवसाय कर पुरुषाला २०० रुपये लागतो. महिलांना २५,००० पर्यंत तो नाही. म्हणजे सिस्टरच्या हातात १०,४७० आणि ब्रदरच्या हातात १०,२७० पडतात. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ सक्तीचा नाही, आणि लहान दवाखान्यांच्या हजेरीपटावर माणसं बहुधा त्याच्या आतच असतात. मग पूर्ण १२,००० हातात येतात, पण मागे काही साठत नाही. कंत्राटातही पीएफ आदेशात लिहिलेला असेल तरच धरा. शिवाय मानधन महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही. निधी अडकला की दोन-दोन महिने थांबावं लागतं, आणि घरभाडं उधारीवर चालत नाही. घरात दुसरी कमाई नसेल तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

वीस हजार हा आकडाही काही उदारपणाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही नर्सला किमान २०,००० द्यावेत असं सुचवलं होतं. ५० ते १०० खाटा असतील तर सरकारी पगारापेक्षा फार तर २५ टक्के कमी, शंभरच्या वर फार तर १० टक्के कमी आणि दोनशेच्या वर सरकारी पगाराइतकाच पगार, अशी ती शिफारस होती. केरळने एप्रिल २०१८ मध्ये २०,००० च्या किमान वेतनाची अधिसूचना काढली, तीही परिचारिकांच्या मोठ्या आंदोलनानंतर. आपल्याकडच्या लहान दवाखान्यांत तो आकडा आजही लांब आहे.

इतक्या कमी पगारात लोक टिकतात का? टिकतात. घर जवळ असतं, डॉक्टर ओळखीचे असतात, ‘अनुभव तरी मिळेल’ असं वाटतं. माझ्या पाहण्यात नोकरी आणि पुढे पेशाच सोडणारे बहुतेक जण पगाराच्या दिवशी सोडत नाहीत. ते सकाळी आठ वाजता सोडतात, नाईट संपल्यावर रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून. माझ्यापुरता तराजू इथंच कलला, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो.

आपल्या कामात वेळ झाली म्हणून निघता येत नाही. ओव्हर द्यावी लागते, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड समजावून सोपवावा लागतो: कुणाची ड्रिप किती उरली, कुणाचं इंजेक्शन बाकी आहे, कॅथेटरची पिशवी कधी रिकामी केली, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा कुठं आहे, इमर्जन्सी ट्रॉलीत ॲड्रेनलिन आणि ॲट्रोपिनचे किती अँप्यूल आहेत, मॉर्फिन-फेंटानिलच्या कपाटाची चावी कुणाकडे. हे सगळं घ्यायला माणूसच नसेल तर वॉर्ड तुमच्याकडेच राहतो. सोडून गेलात आणि मागे काही झालं, तर बोट तुमच्याकडे. म्हणून डबल ड्यूटीला, म्हणजे लागोपाठ दुसऱ्या पाळीला, नाही म्हणता येत नाही. दवाखान्याला हे पक्कं माहीत असतं, आणि माणसांची भरती त्याच हिशेबाने होते.

तो हिशेब करून बघा. लहान दवाखान्यात बहुधा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतात. एका वॉर्डला एका वेळी एक जण म्हटलं तरी आठवड्याच्या चौदा ड्यूट्या होतात. तीन जण असतील आणि प्रत्येकाला एक ऑफ असेल, तर अठरा ड्यूट्या भरतात. कागदावर चार शिल्लक. त्यातली एक जण लग्नाला, परीक्षेला किंवा आजारपणाने आठवडाभर नसली की उरतात बारा. दोन ड्यूट्यांचा खड्डा पडतो आणि तो उरलेल्या दोघींच्या ऑफमधून किंवा डबलमधून भरला जातो. दोनच जण असतील तर ऑफ हा शब्दच नाही.

तीन पाळ्यांच्या वॉर्डात आठवड्याला एकवीस ड्यूट्या लागतात. चौघांमध्ये चोवीस होतात आणि एक सुटीवर गेली की तीन कमी पडतात. पाच जण असतील तरच एकीची रजा बाकीच्यांना न छळता निघते. एका वेळी एका नर्ससाठी पाच माणसं, हे गणित लक्षात ठेवा.

आता याच गणिताने पगार मोजा. महिन्याला २६ ड्यूट्या, प्रत्येकी बारा तास, म्हणजे ३१२ तास. बारा हजारांना ताशी साधारण ३८ रुपये पडतात. वर महिन्यात सहा डबल झाल्या आणि त्यांचा मोबदला ‘पुढे बघू’ राहिला, तर तास ३८४ आणि दर ३१ रुपयांवर येतो. ठरलेला पगार तसाच राहून तुम्ही महिनाभर कमी दराने राबता, आणि हे कुठल्याही स्लिपवर दिसत नाही.

पैशांपेक्षाही मला भीती वाटते ती सलग अठराव्या तासाची. पोटॅशियम क्लोराईडचा १० मिलीचा अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरचा अँप्यूल एकाच ट्रेमध्ये शेजारी असतात आणि दिसायला फारसा फरक नसतो. त्या पोटॅशियमच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश जायला हवं. थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. ताज्या डोळ्यांनी लेबल दोनदा वाचलं जातं. अठराव्या तासाला हात सवयीने चालतो. चूक झाली तर ‘डबलवर होते’ हे कागदावर येत नाही, सही मात्र तुमचीच असते.

कंत्राटात पेशंट कमी असतात असं अजिबात नाही. जिल्हा रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असणं नवलाचं नाही, आणि जमिनीवरच्या गाद्या धरल्या तर त्याहूनही जास्त. लिखाणही अफाट: रजिस्टरं, ऑनलाईन नोंदी, महिनाअखेरीचे अहवाल. पण ड्यूटी बहुतेक वेळा संपते. आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्र असा साचा असतो. कुणी आलं नाही तर परिसेविका (वॉर्डची प्रमुख नर्स) किंवा अधिसेविकेच्या (रुग्णालयाच्या प्रमुख नर्सच्या) कार्यालयातून दुसऱ्या वॉर्डातलं माणूस हलवता येतं, कारण हलवायला दुसरा वॉर्ड असतो. पंचवीस खाटांत तो नसतोच. अर्थात, कंत्राटी म्हणून नाइट्स आणि सणाच्या ड्यूट्या तुमच्या वाट्याला जास्त येतील, याची मनाची तयारी ठेवा.

कायम होण्याच्या आशेवर मात्र कंत्राट घेऊ नका. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने दहा वर्षं सेवा झालेल्यांच्या कायम सेवेत समायोजनाची वाट उघडली, पण अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं. मिळालं तर चांगलंच, पण घराचा हप्ता त्या भरवशावर बांधू नये.

पोस्टिंग कुठं, हा कंत्राटातला सगळ्यात मोठा फरक. प्राथमिक आरोग्य केंद्र सहा खाटांचं, ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं, उपजिल्हा रुग्णालय पन्नास किंवा शंभर खाटांचं. एम्सच्या नर्सिंग भरतीच्या नॉरसेट परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तिथं मूळ वेतन ४४,९०० पासून आहे. म्हणजे ग्रामीण रुग्णालयातली दोन वर्षं, किंवा त्या पंचवीस खाटांच्या दवाखान्यातली, तिथं शून्य धरली जातात. नेमणुकीच्या समुपदेशनात जागा निवडायची मुभा मिळाली तर मी गाव लांब पडलं तरी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयच घेईन, त्यातही नवजात शिशू कक्ष किंवा आयसीयू. काम शिकवतील असे विभाग हेच.

खाजगीची बाजू खरी जड होते ती इथं. शंभर खाटांचं, चालू आयसीयू असलेलं खाजगी किंवा ट्रस्टचं हॉस्पिटल पंधरा-सोळा हजार देत असेल आणि समोरचं कंत्राट आडबाजूच्या प्राथमिक केंद्राचं असेल, तर जीएनएमने खाजगी घ्यावं असंच मी म्हणेन. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाईन, इन्फ्युजन पंप हाताखालून गेले की ते कुठंही उपयोगी पडतं. फक्त मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा: या वॉर्डला एकूण नर्स किती, पाळ्या किती, महिन्याला ऑफ किती, डबल झाली तर पैसे की बदली ऑफ, आणि किती दिवसांत? भिंतीवरची ड्यूटी लिस्ट बघायला मागा. एकाच नावापुढे लागोपाठ ‘डीडी’ (डबल ड्यूटी) दिसले, किंवा लिस्ट दाखवायलाच टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालं.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवून परत घ्या. बाँडच्या नावाखाली ती अडकतात आणि सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीला नेमकी तीच लागतात. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदनाम, तुमचा नोंदणी क्रमांक आणि रुग्णालयाची नोंदणीकृत खाटांची संख्या असायला हवी. खाटांचा आकडा राहून जातो आणि अर्ज तिथंच बाद होतो. हा दाखला नोकरी सोडताना नव्हे, पहिलं वर्ष झाल्यावरच एकदा लिहून घ्या. व्यवस्थापन बदललं किंवा दवाखाना बंद पडला तर नंतर सही करायला कुणी सापडत नाही.