डुबिया झुरळं: अकरा महिन्यांचा अनुभव (पहिले पाच महिने नुसती माती खाल्ली)

लेकाने हट्टाने बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, आणला, नाव गुंड्या, वय दीड वर्ष, आणि चार महिन्यांत लेकाचा उत्साह संपून गुंड्या माझ्या गळ्यात पडला. आम्ही डॅलसला असतो. त्याला खायला आधी दुकानातून क्रिकेट म्हणजे आपले रातकिडे आणायचो. रात्रभर किर्रकिर्र, डब्याला कुबट वास, आठवड्यात अर्धे मेलेले आणि एक तरी सोफ्याखाली पळालेला. शेवटी वैतागून जानेवारीत ऑनलाइन शंभर डुबिया मागवली, मिक्स साइझ, घरचीच पैदास करायची म्हणून. मराठी घरात वाढलेल्या बाईने पैसे मोजून झुरळं घेतली, हसा काय हसायचं ते.

आधी चांगलं सांगते. आवाज शून्य. वास जवळजवळ नाही, ओलं खाणं सडू दिलं तरच येतो. गुळगुळीत प्लास्टिकवर यांना चढता येत नाही, त्यामुळे साधा प्लास्टिकचा टब पुरतो, झाकणाला भोकं पाडून जाळी लावलीये. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, उभे ठेवायचे, म्हणजे लेंड्या खाली पडतात. एका बाजूला हीट मॅट, थर्मोस्टॅट लावून ९० फॅरनहाइट, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या आसपास. थर्मोस्टॅटवर पैसे वाचवू नका. थंडीत ती जगतात पण पिल्लं घालत नाहीत.

आता माझा पराक्रम. मार्चमध्ये काहींना पंख फुटले, लांब, पार शेपटाकडे पोचणारे. मी म्हटलं वा, ही मोठी झाली, यांना पैदाशीसाठी राखूया, आणि ती बिनपंखाची जाडजूड आहेत ती अजून पोरं आहेत, ती गुंड्याला घालूया. आठवड्यातून तीनदा, अगदी निवडून निवडून. मे संपत आला तरी एक पिल्लू नाही. आणि पंखवाल्यांचे पंख कुरतडल्यासारखे व्हायला लागले, मला वाटलं काही रोग आला.

रोग कसला! पंखवाले सगळे नर. डुबियाच्या मादीला पूर्ण पंख येतच नाहीत, खांद्याशी दोन बारकी टोकं असतात तेवढीच. म्हणजे मी दोन महिने पोटुशा बायका सरड्याला चारत होते आणि बाप्ये सांभाळत होते. मोजले तर मोठे २६ उरलेले, त्यात २१ नर! नर जास्त झाले की एकमेकांचे पंख खातात, ते तर डोळ्यासमोर दिसत होतं आणि कळलं नाही.

मोठ्यांचं सोपं आहे, पंख बघा आणि विषय संपला. खरी गंमत पिल्लांत, कारण तेव्हा दोघंही बिनपंखाची आणि पाठीकडून सारखीच दिसतात. पोट बघावं लागतं. मी पारदर्शक डब्यात एक टाकते, डबा डोळ्यांच्या वर धरते आणि खालून मोबाइलचा टॉर्च मारते. पोटावर आडव्या पट्ट्या दिसतात. अगदी शेवटची पट्टी मोठी, रुंद, अर्धचंद्रासारखी पसरलेली असेल तर मादी. पट्ट्या एकीमागे एक बारीक होत जाऊन शेवटची इवलीशी असेल तर नर. पहिले दहा-बारा चुकतात, मग नजर बसते. पाऊण इंचापेक्षा लहान असतील तर नादी लागू नका, डोळे फुटतील पण कळणार नाही.

नजर बसल्याचा फायदा लगेच झाला. जूनमध्ये दुसऱ्या एकाकडून 'खात्रीच्या माद्या' म्हणून वीस मागवल्या, डब्यात घालून बघितल्या तर सात नर. फोटो पाठवले, उत्तर नाही. तेरा ठेवल्या, सात गुंड्याने खाल्ले. आता चार-पाच माद्यांमागे एक नर ठेवते, बाकीचे नर खाऊ.

एकदा एका मादीच्या मागून पिवळट, चपटी, शेंगेसारखी वस्तू बाहेर आलेली दिसली, माझ्या पोटात गोळा. अर्ध्या तासाने बघितलं तर आत गेलेली. तो अंड्यांचा कोष, ती तो बाहेर काढते आणि परत पोटातच ओढून घेते. सुटून खाली पडला तरच ती खेप वाया. दोनेक महिने पोटात वागवते आणि मग थेट जिवंत पिल्लं, एका वेळी वीस-तीस, तिळापेक्षा थोडी मोठी. नुकती कात टाकलेली तर पांढरीफट्ट दिसतात, मेली समजून फेकू नका.

खाणं म्हणजे गव्हाचा कोंडा, ओट्स, गाजर, भोपळा, संत्र्याच्या फोडी. सकाळी फक्त सालीची वाटी उरते. अ‍ॅव्होकाडो अजिबात नाही, सरड्याला विषारी. मांजराचं खाणंही सारखं घालू नका, जास्त प्रोटीन झालं की झुरळं युरिक अ‍ॅसिड अंगात साठवतात. आणि डुबियात कॅल्शियम कमी, म्हणून वरून पावडर लावावीच लागते.

तक्रार एकच पण मोठी, लेंड्यांची धूळ. सहाव्या महिन्यापासून नवऱ्याचे डोळे खाजायला लागले, आता मी मास्क लावून बाल्कनीत चाळते. या कामाची चाळणी वेगळी आहे हो, दांड्याला लाल नेलपॉलिश लावलंय! घरात कुणाला दमा असेल तर मी हे घ्या म्हणणार नाही.

पुण्याची बहीण विचारते, घरातली झुरळं पकडून नाही चालणार का? नाही गं बाई, त्यांच्या अंगावर कुठला स्प्रे असेल आणि पोटात कुठले जंत असतील देव जाणे.

सासूबाई सप्टेंबरमध्ये आल्या, म्हणून मी टबवर 'दिवाळीच्या पणत्या' असं लिहून ठेवलं होतं. दिवाळीत त्या पणत्याच शोधायला गेल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या ट्रेखाली बारकी पिल्लं झालीयेत, बघ."