पाच रुपयांत दिवसभराचं इंटरनेट: कुंभारीच्या किराणा दुकानातलं पीएम-वाणी वाय-फाय

सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहणाऱ्यांसाठी आणि शेजारी रे नगरमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी हे लिहितेय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे किराणा दुकान आहे, तिथे पीएम-वाणीचं, म्हणजे दुकानातून नेट विकायच्या सरकारी योजनेचं, वाय-फाय सुरू झालंय. मी पाचवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. त्यामुळे स्वतः तर वापरतेच, शिवाय माझ्याकडची पोरं आणि त्यांच्या आया ते कसं वापरतात हेही रोज बघते. घाईत असाल तर आधीच सांगते: जरूर घ्या. फक्त संध्याकाळी सातनंतर व्हिडिओ धड चालेल या भरवशावर राहू नका.

दिवसाचं कूपन पाच रुपयांचं, त्यात एक जीबी. महिन्याचं नव्व्याण्णवला. मोबाइल कंपनीकडून एक जीबीचं वरचं पॅक घ्यायला गेलं तर वीसच्या आसपास जातात, म्हणजे फरक दिसतोच. पण मला स्वस्ताईपेक्षा पाचाचं कूपन मिळतं ही गोष्ट मोठी वाटते. विडीचा पगार आठवड्याला होतो. जुलै २०२४ मध्ये खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज एकरकमी करायचा म्हटलं की त्या आठवड्याच्या तेल-डाळीला कात्री लागते. पाच रुपये मात्र कुठल्याही दिवशी निघतात. ज्या दिवशी गृहपाठ ऑनलाइन आहे त्या दिवशी कूपन घ्यायचं, नाही त्या दिवशी नाही.

आणि ते रोख मिळतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण मोबाइलवरून पैसे भरायचे तर आधी मोबाइलमध्ये नेट लागतं, आणि तेच तर संपलेलं असतं! दुकानातले अण्णा पाच रुपये गल्ल्यात टाकतात, उधारीच्या वहीचा कोपरा फाडून त्यावर कूपनचा नंबर लिहून देतात. आठवीतली माझी एक विद्यार्थिनी ती चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरात सरकवते आणि पळते. तिची आई सकाळी विड्या द्यायला कारखान्यात जाते तेव्हा फोन तिच्याबरोबर जातो. संध्याकाळी पानं भिजवून झाली की मग तो पोरीच्या हातात येतो. अशा घरात दिवसातले दोन तास फोन मिळतो, महिन्याचा डेटा घेऊन त्या पोरीने करायचं काय?

ही योजना नेमकी काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण ‘सरकारी आहे म्हणजे फुकट असेल’ असं समजून बरेचजण अण्णांशी वाद घालतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणीला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. पूर्वी एसटीडी-पीसीओचे पिवळे बूथ असायचे, त्याच धर्तीवर हे आहे. कुणीही दुकानदार आपल्या लाइनवरून गिऱ्हाइकाला नेट विकू शकतो, त्याला ना लायसन्स लागतं ना नोंदणी फी. त्याच्यावर एक एकत्रक कंपनी असते. ग्राहकाची ओळख पटवणं आणि हिशेब ठेवणं हे तिचं काम. लाइनचं बिल मात्र अण्णांनाच दर महिन्याला खिशातून भरावं लागतं, म्हणून हे फुकट नाही. आधी तर कंपन्या अशा दुकानदारांना महागडी लीज्ड लाइन, म्हणजे धंद्यासाठीची वेगळी राखीव लाइन, घ्यायला लावायच्या, म्हणून पुष्कळांनी हातच लावला नाही. २०१८ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉट करायचं ठरलं होतं. मार्च २०२५ ला पीएम-वाणीचे तीन लाखही झाले नव्हते. मग जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती फायबर लाइन या दुकानदारांना द्यावीच लागेल आणि तिचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. आमच्या अण्णांचं गणित त्यानंतरच जमलं.

आता उणीव सांगते, आणि ही साधी नाही. पहिल्यांदा जोडताना मोबाइलवर ओटीपी येतो. तो यायला सिम चालू पाहिजे, म्हणजे रिचार्ज पाहिजे. मग डेटाचा रिचार्ज परवडत नाही म्हणून वाय-फायकडे आलेल्या बाईने काय करायचं? माझ्याकडच्या दोन आयांचा इथेच खोळंबा झाला. यावर सध्या एकच वाट दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं पॅक द्यायला लावलं. ते चौऱ्याऐंशी दिवसांचं मिळतं, साडेचारशेच्या पुढेमागे. वाटून पाहिलं तर महिन्याला दीडशे-एकशेसाठ. ते घ्या आणि वर गरजेपुरती कूपनं. पण साडेचारशे एकदम काढायचे म्हणजे पुन्हा तीच अडचण. हे पॅक महिन्याचं आणि त्याच हिशेबाने मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

स्पीड दुपारी उत्तम. लाडकी बहीणचं ई-केवायसी होतं, पीएफचा हयातीचा दाखला होतो, विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्जही इथेच भरून होतो. ही शिष्यवृत्ती केंद्राच्या कामगार खात्याची आहे, इयत्तेनुसार वर्षाला १००० पासून २५,००० रुपयांपर्यंत, आणि अर्ज ऑनलाइनच करावा लागतो. नेट कॅफेत त्याचेच पैसे मोजायचो आपण. संध्याकाळी मात्र सगळी गल्ली एका राउटरवर येते आणि पान उघडायला वेळ लागतो. रेंजचंही तसंच. दुकानासमोर पूर्ण, चौथ्या-पाचव्या घरापर्यंत बरी, मागच्या गल्लीत काही नाही. हे वाय-फाय जोडायचं अ‍ॅप हिंदी-इंग्रजीत आहे. इथे निम्म्या घरांत तेलुगू बोलतात आणि शाळा मराठीत, त्यामुळे पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. बँकेचं काम मी यावर करत नाही, मुलींनाही तेच सांगितलंय.

सोलापूर स्टेशनवर पहिला अर्धा तास फुकट आणि मग दहा रुपयांपासून मिळतं ते रेल्वेचं वाय-फाय चांगलंच आहे. पण कुंभारीहून स्टेशनला जायचं रिक्षाभाडं कोण देणार? नेट पायी जाण्याच्या अंतरावरच पाहिजे.

पायी अंतरावर असूनही मुलींचा प्रश्न राहतोच. रेंज दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर सगळ्यात चांगली, आणि दिवेलागणीनंतर तो कट्टा पोरांनी भरलेला. नववी-दहावीतल्या मुलींना घरचे तिथे बसू देत नाहीत, आणि मला त्यांना दोष देववत नाही. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, स्वतःहून तांदळाची पोती एका भिंतीला लावली आणि दुकानामागच्या खोलीत सतरंजी टाकली. आठ वाजेपर्यंत तिथे फक्त मुली बसतात, चार्जिंगचा बोर्डही खाली काढून दिलाय. सार्वजनिक वाय-फायच्या कुठल्याही सरकारी कागदात ही सतरंजी नसेल, पण तिच्यामुळेच माझ्या मुली नेट वापरू लागल्या. मी या सेवेला पाचपैकी चार देतेय, त्यातला एक पूर्ण वहिनींचा.

घरकुलात दहा हजार घरं, रे नगरची योजना तीस हजारांची, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. एवढ्या वस्तीला एक दुकान पुरणार नाही. अंगणवाडीत, शाळेच्या व्हरांड्यात, चौकाचौकात हे लागायला हवं, आणि प्रत्येक ठिकाणी मुलींना बसायची जागा धरून.

अण्णांना मी मागच्या भिंतीवर दुसरा राउटर लावायला सांगितलंय, ते कंपनीशी बोलतायत. रे नगरमध्ये कुणाचं दुकान असेल आणि लावायचा विचार असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये येऊन त्यांना भेटा. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, लाइनचं बिल आणि कूपनांची वही ते समोर ठेवून दाखवतात.