कोल्ड स्टोरेजचे कॅमेरे 'टाईट' करून घेतले, त्याचा अनुभव (4 स्टार)

आमचं तासगावला बेदाण्याचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे. सांगलीचा एक मुलगा नेटवर्क आणि कॅमेऱ्यांची सिक्युरिटी बघून देतो, त्याला बोलवलं होतं, त्याबद्दल लिहितोय. नाव इथं टाकत नाही कारण थोडी तक्रार पण आहे.

खरं सांगायचं तर मला वाटायचं हॅकर येऊन आमच्या बेदाण्याचं काय करणार? पण हा पोरगा आला, चहा घेतला, आमचं वायफाय मागितलंच नाही, स्वतःच्या मोबाईल डेटावर लॅपटॉप जोडला आणि पाच मिनिटात स्क्रीनवर आमचा लोडिंगचा कॅमेरा, त्यात आमचे हमाल पोत्यावर बसून वडापाव खातायत लाईव्ह! बाबा तर उठून बाहेरच बघायला गेले. म्हणजे कुणाचा किती माल आला, कुठल्या गाडीत किती बॉक्स गेले, सौद्याच्या आधी कुणालाही घरबसल्या दिसत होतं. आमच्याकडं शेतकरी विश्वासावर माल ठेवतात, हे कळलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं.

कारण काय, तर ज्याने 2019 ला कॅमेरे बसवले त्याने डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवला होता आणि मोबाईलवर दिसावं म्हणून राउटरमधून सरळ बाहेर रस्ता उघडून दिला होता. त्यावर हा म्हणाला 2016 ला मिराई नावाचा व्हायरस असाच फिरला होता, 60 च्या आसपास ठरलेले युजरनेम-पासवर्ड नुसते ट्राय करत जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडून एका कंपनीवर एवढा ट्रॅफिक मारला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडकले. म्हणजे आपला डीव्हीआर आपल्याला न कळता दुसऱ्याच्या डोक्यावर दगड मारत असतो. आणि 2025 च्या फेब्रुवारीतलं राजकोटच्या हॉस्पिटलचं प्रकरण तर सगळ्यांनी वाचलंच असेल, पेशंट बायकांचे सीसीटीव्ही व्हिडिओ विकले गेले, त्यावर जास्त लिहवत नाही.

पण मला खरी भीती वाटली ती टेंपरेचरच्या कंट्रोलरची. तो पण त्याच वायफायवर, पिन 1234. त्याने फोनवरून चेंबरचं सेटिंग 4 वरून 5 करून दाखवलं आणि लगेच परत 4 वर आणलं. रात्रीत कुणी 20 केलं असतं तर? माझी जोडलेली उपकरणं माझ्या हिशोबात आठ होती, निघाली 23. त्यात ऑफिसचा टीव्ही, हजेरीचं थंब मशीन, हमालांचे फोन आणि मागच्या वर्षी सोडून गेलेल्या वॉचमनचा फोन पण, म्हणजे तो रस्त्यावरून जाताना अजून आमचं वायफाय वापरत होता की काय कुणास ठाऊक 😅

काम छान केलं. बाहेरचा रस्ता बंद केला, कॅमेरे आणि कंट्रोलर वेगळ्या लाईनवर, टॅलीचा कॉम्प्युटर वेगळ्या, हमालांना गेस्ट वायफाय, घरून कॅमेरे बघायला व्हीपीएनचं (इंटरनेटवरून सुरक्षित खाजगी रस्ता) ॲप. सगळ्या पासवर्डची वही पण करून दिली.

आता तक्रारी. दहाला येतो म्हणाला, आला दीडला. जुन्या डीव्हीआरला अपडेट येणं बंद झालंय, नवा घ्यावा लागेल हे शेवटी सांगितलं, आधी सांगितलं असतं तर मी बजेट धरलं असतं. आणि बाबांना व्हीपीएन जमेना म्हणून दोन दिवस कॅमेरे दिसलेच नाहीत, फोन केला तर उचलत नाही. सर्व्हिसचे साडेसहा हजार, राउटरचे वेगळे.

नवा डीव्हीआर आणि कॅमेरे घेताना मात्र याने एक उपयोगी गोष्ट सांगितली, एप्रिल 2025 पासून भारतात विकायच्या सीसीटीव्हीला सरकारची सिक्युरिटी टेस्टिंग लागते, तेव्हा दुकानदाराने स्वस्तातला जुना स्टॉक गळ्यात मारायला बघितलं तर सर्टिफिकेट मागा. मी आमच्या दुकानदाराकडं मागितलं तर तो म्हणे, 'साहेब, कोण बघतंय ते.'

एक स्टार मी उशिराचा कापलाय. बाकी याला बोलवायचं असेल तर कॉल करू नका, व्हॉट्सअपवर रात्री नऊनंतर मेसेज टाका, तेव्हा उत्तर देतो. आणि पासवर्ड जरा छोटा मागा, आमच्या बाबांनी तो 16 अक्षरांचा कागदावर लिहून डीव्हीआरलाच चिकटवला होता, काल काढून आणलाय.